मूस घेऊन येणारे साहेब

सराफ्यात माझी सोनं गाळायची भट्टी होती. उद्योगखात्यातले एक साहेब तिथं सारखे यायचे. प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञानं सोनं वितळवायची नवी मूस बनवली होती, आणि तिचा कारखाना उभा करायचाच, असा साहेबांनी हट्ट धरला होता. माणूस चिवट. मूस फुटली की शास्त्रज्ञ तोंड पाडायचा. साहेब तुकडा नखानं वाजवून कानाशी धरायचे. "अच्छा, फुटली? कुठून तडकली ते दाखवा, भाऊ."

मग राज्यं एक झाली, भोपाळ नवी राजधानी ठरली आणि साहेबांचं खातं तिकडं निघालं. त्याआधी मूस भट्टीत टिकली, तरच कारखान्याला मंजुरी मिळणार होती. दुसरा कुणी सराफ नवी मूस भट्टीत घालायला तयार नव्हता. त्याच आठवड्यात माझी बायको गेली. सुतकात आमच्यात भट्टी पेटवत नाहीत.

साहेब घरी आले. पिशवीत मूस होती, मला दिसत होती. त्यांनी तिचं नाव काढलं नाही. "भाऊ, काही खाल्लंत का?" एवढंच विचारलं, आणि मी दोन घास खाईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते भोपाळला गेले. कारखाना झाला नाही. एकदा म्हणाले असते, तर मी सुतक मोडून भट्टी पेटवली असती. ती काही रागावली नसती.