‘बाकी’ नावाचा गट

“तुह्यं नाव टाकलं काय बे त्यात?”

भाऊसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. पायात बूट. मी अनवाणी. ऑफिसच्या कॉम्प्युटर खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम आहे. तो आम्हा कंत्राटी लोकांसाठी. कायम नोकरीवाले सँडल घालून येतात, भाऊसाहेबांच्या घरचे तर चिखलाच्या बुटांनी येतात. फरशी पुसायची ती आमच्यातल्याच कोणीतरी.

मी म्हणालो, “माह्यं कशाले, भाऊसाहेब? मले तं काम करा लागते ना.”

“सर्व्हरचं काम सर्व्हरवर कर. इतर टायमाले तू बी कंत्राटीच. का कायम झाला तू? आम्हाले सांगतलंच नाही!”

हेडक्लार्क हसले. भाऊसाहेबांचा पुतण्या मोबाइलमधून डोकं न काढता हसला. मीही हसलो. आणि हसत हसत माझं नाव टाइप केलं. माझ्याच हातानं, मीच केलेल्या गटात.

कशाचा गट, ते सांगतो. आमच्याकडे कॉम्प्युटर कमी आणि माणसं जास्त. ज्याला जो मोकळा मिळेल त्यावर तो बसतो, आपल्या नावानं लॉगिन करतो. अशा ऑफिसात एका मुख्य कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, बसून सगळ्यांसाठी नियम लिहिता येतात. पेन ड्राइव्ह बंद. सेटिंग बंद. ठरवून दिलेल्या प्रोग्रामशिवाय दुसरं काही उघडणार नाही. हा नियम नावांच्या गटाला लावला, की तो माणसाच्या मागे मागे जातो. तुम्ही कुठल्याही खुर्चीवर बसा, तो तुमच्या आधी तिथं पोचलेला असतो. यंत्राला कुलूप लागत नाही, माणसाला लागतं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरून काम अडलं, तेव्हा भाऊसाहेब एवढंच म्हणाले होते, “कंत्राटीवाल्यांचं सगळं बंद कर.” मी दोन गट केले. एकाला नाव दिलं ‘स्टाफ’. दुसऱ्याला काय नाव द्यावं याचा क्षणभरही विचार केला नाही. लिहिलं, ‘बाकी’. हे नाव मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या आतूनच आलं. पुतण्या संस्थेत नोकरीला नव्हता, तरी त्याचं नाव मी न विचारता ‘स्टाफ’मध्ये टाकलं.

खरं तर व्हायरस त्याच्याच पेन ड्राइव्हमधून आला होता. सिनेमे भरलेला पेन ड्राइव्ह. मी तो स्वतः तपासला होता. भाऊसाहेबांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, “पोरगं आहे. तू आपलं बंदोबस्ताचं पाह्य.”

मी पाहिलं. घरातला पहिला पदवीधर मी. पदवी घेऊन गावी जानेफळला रिकामा बसलो होतो, तेव्हा यांनीच चिखलीला बोलावून काम दिलं. पहिल्या दिवशी आई म्हणाली होती, “ज्यानं दारात उभं केलं त्याच्यापुढं आवाज चढवू नोको.” मी आवाजच काय, मानसुद्धा वर केली नाही. उपकाराची जाण म्हणजे गप्प बसणं, असंच मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शोभाताई आल्या. त्याही कंत्राटी, प्रवेशाची माहिती भरायच्या. रोज डबा पटकन आटोपून त्या मराठी टायपिंगचा सराव करायच्या. सरावाचा प्रोग्राम मीच टाकून दिला होता. टायपिंगची परीक्षा पास झाली तर क्लार्कच्या कायम जागेसाठी अर्ज करता येणार होता. घरी कॉम्प्युटर नाही. क्लासला जायला वेळ नाही, दोन लेकरं वाट पाहतात.

“दादा, ते टायपिंगचं उघडून नाही राह्यलं.”

मी म्हणालो, “सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे, ताई.”

त्यांनी पुन्हा एकदा क्लिक करून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “माह्या हातानं तं काही बिघडलं नाही ना? काल मी एक बटन चुकून दाबलं होतं.”

नाही, ताई. मी बंद केलंय. एवढंच बोलायचं होतं. बोललो नाही. “पाहतो,” म्हणालो. त्या हात पदराला पुसून निघून गेल्या. जणू हातालाच काही लागलं होतं. त्यानंतर कीबोर्डला त्या भीत भीत बोट लावायच्या. रोज विचारायच्या, “दादा, झालं काय?” मी रोज “पाहतो” म्हणायचो. असं करता करता परीक्षा आली आणि गेली. त्या बसल्याच नाहीत. सरावाशिवाय काय बसणार?

मग स्टाफची मीटिंग झाली. चहा आला, फाफडा आला. कंत्राटी नेहमीसारखे भिंतीला टेकून उभे. भाऊसाहेबांनी व्हायरसचा विषय काढला. मागच्या महिन्यात किती काम अडलं ते सांगितलं आणि म्हणाले, “हे बाया डबा खाता खाता काहीबाही प्रोग्राम टाकतात, त्याच्यानं झालं. शोभाबाईची मुदत आता वाढवाची नाही. तिचं लॉगिन आजच बंद कर बे. अन कशानं बिघडलं ते सांग या सगळ्यायले.”

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खाली पाहत होत्या. त्यांना ते खरं वाटलं होतं. चुकून दाबलेलं ते एक बटण. महिनाभर त्या स्वतःलाच दोष देत होत्या, आणि तो दोष मीच त्यांच्या हातात ठेवला होता.

शाळेत आमच्या गावीही कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या. पण तिथं दारात हेडमास्तरांच्याही चपला असायच्या, आमच्या चपलांत मिसळलेल्या. मला तो नियम फार आवडायचा. का कोण जाणे, तेव्हा तेच दार डोळ्यांपुढं आलं.

मी म्हणालो, “शोभाताईच्या हातानं काहीच बिघडलं नाही. तो प्रोग्राम मी टाकून दिला होता. व्हायरस छोट्या साहेबांच्या पेन ड्राइव्हमधून आला. अन ताईचं टायपिंग बिघडलं नव्हतं, मी बंद केलं होतं.”

कोणीच हसलं नाही. पुतण्यानं पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

“तुले इथं कोनं आणलं बे?” भाऊसाहेब म्हणाले.

“तुम्हीच. ते इसरलो नाही. पण हे लॉगिन मी बंद करत नाही.”

“काऊन?”

“ताईची काही चूक नाही म्हणून.”

“मंग तू बी जाय.”

दोघांचीही मुदत वाढली नाही. याला कोणी विजय म्हणू नये.

बसस्टँडवर शोभाताई भेटल्या. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, “दादा, पहिल्या दिवशीच सांगतलं असतं तं मी दुसरीकडं कुठं सराव केला असता ना.” एसटी आली. त्या चढल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मीटिंगमध्ये मी जे बोललो त्याला हिंमत म्हणणारे भेटतात, तेव्हा मला हे वाक्य आठवतं. भाऊसाहेबांनी हुकूम दिला होता, ‘बाकी’ हा शब्द माझा होता. लहानपणापासून जो शब्द स्वतःसाठी ऐकत आलो, तो शिकून सवरून मी दुसऱ्याच्या नावावर चिकटवला. आणि पगार घेतला.

आता मी मिळेल त्या ऑफिसचं काम करतो. कुलपं अजूनही लावतो. सामायिक कॉम्प्युटरला ती लागतातच. परवा एका पतसंस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “आमच्या ऑफिसातल्या पोरायचं सगळं बंद करून टाका.”

मी चपला दाराबाहेर काढल्या. खुर्चीत बसलो. गट केला.

“करतो, साहेब. पहिलं नाव तुमचंच टाकतो.”

ते म्हणाले, “माह्यं कशाले?”

मी उठलो, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि दारातूनच म्हणालो, “मंग नाही करत.”