थर्मासमधलं विष: बार्शी ते सोलापूर

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. लोक हिमालयात जाऊन येतात. मी बार्शीहून एसटीने सोलापूरला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला काहीही लिहिता येतं असा घरच्यांचा समज आहे.

काम असं होतं. घोणस सापाच्या विषात रक्त गोठवणारी एन्झाइम्स असतात. ती किती जोरकस आहेत, हे सोलापूरच्या एका प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजायचं. यंत्र एकच दिवस मिळणार होतं. आकडे नाहीत तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर डिग्री नाही. सरांनी रीतसर मागवलेलं विष बर्फाच्या थर्मासात ठेवून मी गाडीत बसलो.

“डब्यात काय हाय?” कंडक्टरने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. “सापाचं विष.”

“आन् साप कुटं हाय?”

“साप नाही, नुसतं विष.”

तिघांचं बाकडं मला एकट्याला मिळालं.

वैरागच्या अलीकडे जोरात ब्रेक लागला आणि सीटच्या फाटक्या पत्र्याने बोट कापलं. पलीकडच्या मावशी ओरडल्या, “बगा, चावलंच की!” तरी त्यांनीच चंचीतली (पानतंबाखूच्या कापडी पिशवीतली) तंबाखू जखमेवर दाबली. सोलापूर स्टँडवर उतरलो तरी रक्त ठिबकतच होतं. माझं लहानपणापासून असंच. आई त्याला उष्णता म्हणते.

प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ हमीदभाई म्हणाले, विष आलं, पण ते ज्यात घालून बघायचं तो निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) संपलाय. माझा चेहरा पाहून त्यांनी सुई काढली.

“तुझंच रक्त घेऊ की.”

मी कचरलो.

“एसटीत जहर आणताना नाही घाबरला, सुई कू डरता क्या रे?”

नंतर त्यांनी आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मला खायला घातली. घेतलं त्याहून जास्त परत केलं, असं त्यांचं म्हणणं.

विष घातलेली नळी बघता बघता गोठली. तुलनेसाठीची, बिनविषाची नळी मात्र रेंगाळली. हमीदभाईंनी दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. माझंच काही चुकलं असणार म्हणून मी यंत्राचीही माफी मागितली. ते हसले नाहीत. माझ्या बोटावरची ओली तंबाखू बघत त्यांनी आणखी एक नळी रक्त घेतलं. “हे मोठ्या डॉक्टरांकडं पाठवतो. तू जा, गाडी चुकेल.”

परतीला थर्मास रिकामा होता, त्यामुळे बाकड्यावर आम्ही चौघे. दिवस वाया गेला, डिग्री गेली, एवढंच डोक्यात.

आठवड्याने हमीदभाईंचा फोन आला. मी आधी आकडेच विचारले.

“उरलेलं जहर त्याच संध्याकाळी मी स्वतःच्या रक्तात घालून मोजलं. प्रोजेक्ट होतंय तुझं. आता खाली बस आणि ऐक.”

मोठ्या डॉक्टरांचा निकाल असा: माझ्या रक्तात, ते गोठण्यासाठी लागणारा एक घटक जन्मापासून कमी आहे. सौम्य हिमोफिलिया. दात जरी काढायचा झाला तरी आधी डॉक्टरांना सांगायचं. घोणसाच्या विषाला त्या घटकाची गरजच पडत नाही, म्हणून विषाच्या नळीत माझं रक्त शहाण्यासारखं गोठलं.

“जहर पास झालं, बेटा,” ते हळूच म्हणाले. “निरोगी माणूस म्हणून तू नापास.”