सारंगीचे चौदा सेकंद

परवा परळच्या एका कॉलेजात आम्हाला बोलावलं होतं. आम्हाला म्हणजे मला आणि संगीतकार धनेशला. विषय होता 'आवाजाच्या क्षेत्रातलं करिअर आणि सर्जनप्रक्रिया'. आकांक्षा नावाच्या एक चुणचुणीत प्राध्यापिका प्रश्न विचारत होत्या आणि समोर ऐंशी मुलं मोबाईल मांडीवर ठेवून बसली होती. धनेश दहा मिनिटं बोलला, तेही घड्याळाकडे बघत. मी चाळीस मिनिटं बोललो. शांततेचं संगीत, आवाजाचा अवकाश, असले शब्द वापरले. हेच मी घरी बोललो असतो तर माझ्या बायकोने, अंबिकाने, कपाळाला हात लावून ताप बघितला असता. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम कोणतं?" मी डोळे मिटले, जरा थांबलो आणि एक दणदणीत थाप मारली. खरं उत्तर दिलं असतं तर पुढच्या वर्षी बोलावलं नसतं. ते इथे लिहितो.

मी विनीत गणपत नांदोसकर, वय चोपन्न, राहणार लालबाग. गेली एकतीस वर्षं मराठी नाटकांचं पार्श्वसंगीत चालवतो. चालवतो म्हणजे करतो नव्हे. संगीत धनेशसारखे लोक करतात. मी विंगेत टेबल मांडून बसतो आणि वेळ आली की बटण दाबतो. दाराची बेल, फोन, कावळा, आणि कोणी रडायला लागलं की सारंगी. आमचे बाबा गिरणीत होते. मुलगा काय करतो असं चाळीत कोणी विचारलं की सांगायचे, "झील माझो नाटकात दाराची बेल वाजवता." मला भयंकर राग यायचा, कारण तेव्हा मी खरोखरच फक्त बेल वाजवत होतो.

नाटक सुरू होताना सगळ्यांची नावं सांगतात ना, त्यात माझं नाव शेवटी येतं. तोवर लोक एकमेकांच्या पायांवर पाय देत खुर्च्या शोधत असतात. पण आवाज कमी-जास्त करणं माझ्याच हातात असल्यामुळे "पार्श्वसंगीत संचालन" हे शब्द आले की मी आवाज थोडा चढवतो. फार नाही. पहिल्या रांगेतला माणूस दचकेल इतकाच.

ज्या नाटकाची ही गोष्ट, त्यात आईचं काम मालनताई वेंगुर्लेकर करायच्या. वय एकाहत्तर, राहणार माहीम. कामगारांच्या नाट्यस्पर्धांतून वर आलेल्या. पन्नास वर्षांत त्यांनी प्रॉम्प्टरचा एक शब्द घेतला नव्हता. कोणी आगाऊपणाने विंगेतून शब्द पुरवलाच तर मध्यंतरात त्याला गाठून विचारायच्या, "मी मेले असं वाटलं का तुला?"

दुसऱ्या अंकात, अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला मुलगा परत येतो. दारात उभा राहतो. आई त्याच्याकडे बघत राहते आणि बघून झाल्यावर म्हणते, "चपला बाहेर काढ. आत्ताच लादी पुसलीय." एवढंच. या बघण्यावर मी सारंगी सोडायचो, बरोबर चौदा सेकंद. धनेशने ती खरं तर पहिल्या अंकाच्या शेवटी काळोखात वाजवायला दिली होती. तिथून उचलून इथे आणली मी. एकतीस वर्षांतली माझी सर्जनप्रक्रिया म्हणतात ती हीच.

मालनताईंनी शुभारंभाच्या प्रयोगापासून सांगितलं होतं, "विनीत, तिथं काही वाजवू नको रे. मला नुसतं बघू दे त्याच्याकडे." मी हो म्हणायचो आणि वाजवायचो. दिग्दर्शक नाटक बसवून मालिकेत निघून गेला होता. निर्माता सुशांत, त्याला सारंगी आवडायची, कारण ती वाजली की बायका पर्समधून रुमाल काढतात हे त्याने पाहून ठेवलं होतं. आणि मला वाटायचं, बाईंना टाळीत वाटेकरी नकोय. दोन वर्षं दर प्रयोगानंतर त्या विचारायच्या, "वाजवलंस?" मी म्हणायचो, "हात गेला, ताई." हात आपोआप जायला तो काही जिन्याचा कठडा नव्हता, पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

शंभर प्रयोग उलटले आणि एक नवल घडलं. पहिल्या अंकात शेजारणीशी बोलता बोलता मालनताई मध्येच थांबल्या. संहितेत तिथे थांबा नाही. मी वही बघितली, त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीकडे तोंड करून स्तब्ध उभ्या. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईंना कळलं! अखेर कळलं! माझ्या सारंगीसाठी त्या आपणहून जागा करून देताहेत. मी अलगद सारंगी सोडली. ती संपता संपता त्या वळल्या आणि पुढचं वाक्य बोलल्या. समोर आठशे माणसं श्वास रोखून बसलेली.

पुढच्या प्रयोगाला असे दोन थांबे झाले, त्याच्या पुढच्याला तीन. मी प्रत्येक थांब्यावर सारंगी भरली. एका वर्तमानपत्रात आलं की मालनताईंचं मौन आता त्यांच्या संवादांपेक्षा जास्त बोलतं आणि त्याला सारंगीची 'समंजस' साथ आहे. समंजस! मी कात्रण लॅमिनेट करून आणलं. अंबिकाला म्हणालो, "बघ, एवढी मोठी नटी माझ्या कलाने घेतेय." ती म्हणाली, "मोरीतला नळ गळतोय तो बघ आधी." धनेश एकदा प्रयोगाला आला आणि मध्यंतरात विंगेत येऊन खेकसला, "विन्या, सारंगी आहे ती, रिक्षाचा हॉर्न नाय! किती वेळा?" मी त्याला शांतपणे सांगितलं की तुला संगीत कळतं, रंगभूमी कळत नाही.

चार महिने मी असा तरंगत होतो. मग दादरला दुपारच्या एका प्रयोगाआधी मालनताईंनी मला मेकअप रूममध्ये बोलावून दार लावून घेतलं. कौतुक होणार याबद्दल मला शंका नव्हती. कात्रण पिशवीत होतंच, चेहऱ्यावर नम्रपणाही आणून ठेवला.

"विनीत," त्या म्हणाल्या, "तुझे आभार कसे मानू कळत नाही. चार महिने सावरतोयस मला. कोणाकडे एका शब्दाने बोलला नाहीस."

मला काही उलगडेना. नम्रपणा तसाच राहू दिला.

"वाक्यंच जातात रे. पाटी एकदम कोरी. मग तुझी सारंगी येते. लोकांना वाटतं, बाई थांबलीय. तेवढ्यात कधी आठवतं, कधी जे आठवेल ते बोलून मोकळी होते. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार." त्यांनी हातातली पावडर खाली ठेवली. "दीडशे प्रयोगांवर नाटक बंद होतंय. अकरा राहिलेत. सुशांतला कळलं तर तो दुसरी बाई उभी करेल, आणि त्याचं चूकही नाही. पण पन्नास वर्षं चढले मी स्टेजवर. शेवटचं उतरताना कोणी हाताला धरून उतरवलं, असं नको."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. ताई, मी सावरत-बिवरत नव्हतो. तुम्ही बुडत होतात आणि मी काठावर बसून स्वतःचा फोटो काढत होतो, असं. त्याऐवजी मी काय म्हणालो? म्हणालो, "ताई, आभार कसले? आपलं कामच आहे ते." इतका निलाजरा मी आयुष्यात झालो नव्हतो. ती पिशवी बगलेत घट्ट दाबून बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहून कात्रणाचे तुकडे करू लागलो. लॅमिनेट केलेलं फाटत नाही. तेही जमलं नाही.

त्या दिवसापासून मात्र मी खरंच कामाला लागलो. मालनताईंचं सगळं काम पाठ केलं. उठता बसता तेच. अंबिका भाजी निवडता निवडता म्हणाली, "सासूबाई गेल्या, पण त्यांचं बोलणं काही या घरातून गेलं नाही." युक्ती अशी होती: त्या अडल्या की सारंगी वर न्यायची, स्टेजवरच्या माइकचा आवाज खाली आणायचा आणि सारंगीच्या आडून पुढच्या वाक्याचा पहिला शब्द टाकायचा. पहिल्या दिवशी मी शब्द असा काही गहिवरून टाकला की मध्यंतरात त्या म्हणाल्या, "शब्द तेवढा दे, अभिनय मी करते." एकदा माझं पान चुकलं आणि त्यांनी शेजारणीला दुसऱ्यांदा चहा दिला. शेजारीण झालेल्या बिचाऱ्या प्रितीने तो गटागटा प्यायला.

पण कुणाचाही शब्द न घेतलेली ती बाई माझ्या बाजूला किंचित मान कलती करून उभी राहायची, तेव्हा मला भरून यायचं. लाजही वाटायची. दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मी त्यांचं नाटक चालू असताना माझं नाटक बघत होतो.

चपलांची जागा मात्र त्या एकदाही विसरल्या नाहीत. तिथे मी सारंगी सोडतच होतो, आता तर सावरण्याची सबबही होती. त्यांनीही "वाजवलंस?" विचारणं सोडून दिलं होतं.

एकशे पन्नासावा प्रयोग परळला होता, रविवारी दुपारी चारला. मी मनाशी ठरवून टाकलं, आज त्या जागी वाजवायचं नाही. त्यांना जसं हवं होतं तसं, नुसतं बघू द्यायचं. ही माझ्याकडून भेट. त्यांना आधी सांगितलं नाही, कारण सांगून दिली तर ती भेट कसली. सांगितलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

पहिला अंक बरा गेला, दोनच शब्द द्यावे लागले. दुसऱ्या अंकात मुलाचं काम करणारा विकास दारात येऊन उभा राहिला. मालनताईंनी वर बघितलं. मी बटणावरचं बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

शांतता. सात सेकंद. दहा. त्या बघताहेत. चौदा गेले. काय बघणं होतं ते! विसाव्या सेकंदाला मनात आलं, ही विसरली की काय? हात सुटायला बघत होते. पण त्यांचा चेहरा इतका खरा होता की मला वाटलं, आता वाजवलं तर माझ्यासारखा पापी मीच. मी हात आणखी आत दाबले.

मालनताई एक पाऊल पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोण हवंय?"

हे नाटकात नव्हतं. पण विकास डगमगला नाही. पोरगा हुशार. तो खाली वाकला, पायातल्या चपला हाताने काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि म्हणाला, "आई, मी आहे. चपला बाहेर काढल्यात."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आत्ताच लादी पुसलीय."

थिएटरात कोणी तरी हुंदका दिला आणि मग टाळ्या थांबेनात. मीही रडत होतो. आणि रडता रडता मनात म्हणत होतो, बघा, नांदोसकरने एक बोट उचललं तर कला कुठल्या कुठे गेली. माणूस असा सहजासहजी सुधारत नाही.

पडदा पडल्यावर लोकांचं भेटणं संपेपर्यंत थांबलो आणि मेकअप रूममध्ये गेलो. मालनताई आरशासमोर अंबाड्यातले आकडे काढत होत्या.

"ताई, काय केलंत आज! 'कोण हवंय'! कधी सुचलं हे?"

"सुचतंय कसलं," त्या म्हणाल्या. "विकास दारात आला आणि मला कळेना हा कोण. वाक्य गेलं, नाटक गेलं, मी कुठे आहे तेही गेलं. तुझ्याकडे कान लावून उभी होते मी. तू वाजवलं का नाहीस?"

मी म्हणालो, "मला वाटलं… तुम्हाला नुसतं बघायचंय."

त्या आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दोन वर्षं सांगत होते तुला! ऐकलंस ते नेमकं आजच?"

मग माझ्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं. ते चार महिने मी सावरत नव्हतो, मला वाटत होतं तुम्ही माझ्या सारंगीला जागा करून देताय, कात्रणसुद्धा लॅमिनेट केलं होतं.

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "तू विंगेत डोळे मिटून डोलायचास. सावरणारा माणूस डोळे मिटतो का कधी?"

"मग आभार का मानलेत?"

"नुसती मदत कर म्हटलं असतं तर तू घाबरून सुशांतकडे गेला असतास." त्यांनी शेवटचा आकडा काढून माझ्या हातात दिला. "आभार मानल्यावर तुला तसं वागावंच लागलं. झाले की नाही अकरा?"

मी तो आकडा खिशात टाकला.