दारूना देव

छापखान्यातल्या ओल्या शाईचा वास आला की शिरपूरजवळच्या एका गावातलं देवळापुढचं पटांगण आठवतं. प्राचीन ग्रीकांचा नाट्योत्सव तिथे पुन्हा जिवंत करायचा, म्हणून मी पत्रकं वाटत होतो. पटांगण ज्यांच्या शब्दावर मिळायचं, त्या आबांनी ‘मद्याचा देव’ या शब्दांवर बोट ठेवलं. “मांगला महिनामा दारूबंदीना कागद बी तूच वाटा व्हता ना? आते दारूना देव?” मी चिडलो. “आबा, हा नाटकाचा देव आहे. देवांचे मुखवटे घालून सगळं गाव नाचतं!” “मंग आपला भोवाडा काय शे? त्याना मुखवटा देऊळना माळ्यावर पडेल शेतस. त्या खाले उतार, पटांगण तुनंच.” मी तणतणत निघून आलो. ना ग्रीकांचा उत्सव झाला, ना भोवाडा. उरलेली पत्रकं अजून माझ्याकडे आहेत. त्यांवर ठळक छापलंय, ‘विसरलेली परंपरा जागवू या’. ती ओळ वाचली की आजही संताप येतो, आणि तो आबांचा नसतो.