बिनआवाजाची गाडी

माझ्या गाडीच्या वायरी उंदरानं कुरतडल्या, तेव्हा उज्जैनच्या आमच्या माधव नगरात बऱ्याच लोकांना मनातून बरं वाटलं असावं. चूक माझीच. दीड वर्ष मी भेटेल त्याला गाडीत बसवून विचारत होते, "बघा, चालू झाली. काही ऐकू आलं?" हायब्रिड गाडी सावकाश चालवली की इंजिन गप्प बसतं, सगळं बॅटरीवर चालतं आणि गाडी हूं की चूं करत नाही. ब्रेक दाबला की बॅटरी भरते आणि समोरच्या पडद्यावर एक बाण उलटा धावतो. तो बघायला मी गरज नसतानाही ब्रेक दाबत असे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "इतकी हुशार गाडी, अन् उंदरापुढे फेल!"

वर्कशॉपवाल्यानं आठवडाभरासाठी बदली गाडी दिली. "मॅडम, तब तक इससे काम चला लीजिए." जुनी, डिझेलची, काचा हातानं फिरवायच्या, आत कुणाच्या तरी अत्तराचा वास. क्लच इतका जड की बिनक्लचच्या गाडीत दीड वर्ष पाहुण्यासारखा नुसता बसून राहिलेला माझा डावा पाय दुसऱ्याच दिवशी दुखायला लागला. देवास गेटच्या गर्दीत थांबताना क्लच दाबायचं विसरले आणि गाडी आचका देऊन बंद पडली. बाजूचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "मॅडम, सीख रही हैं क्या?" तीस वर्षं गाडी चालवतेय मी! असा संताप आला की त्या भरात पुन्हा बंद पाडली.

रविवारी त्याच गाडीतून बाबांना घ्यायला गेले. माझे वडील चौऱ्याऐंशीचे आहेत. देवास गेटच्या मागच्या एका गल्लीत आपल्या घरात एकटे राहतात. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलीय, पण कुणी हात धरलेला खपत नाही. दर रविवारी सकाळी मी त्यांना जुन्या मित्रांबरोबर पोहे-जिलबी खायला नेते. मी पोचते तेव्हा ते फाटकाबाहेर काठी टेकून उभे असतात. "बाबा, उन्हात कशाला उभे राहता?" म्हणून मी दर वेळी ओरडते आणि ते "मोकळी हवा" म्हणून विषय संपवतात.

त्या रविवारी गल्लीच्या वळणावर गिअर करकरला, गाडी खडखडत आत शिरली, आणि बघते तर फाटकाशी कुणीच नाही. उतरायला मी बेल्ट सोडला. इतक्यात दार उघडलं. बाबा एकटे पायऱ्या उतरले, कुलूप लावून ओढून पाहिलं, काठीनं फाटक शोधलं आणि गाडीचं दार स्वतः उघडून आत बसले. समोरच्या चाची ओट्यावरून म्हणाल्या, "बिटिया, आज बाबूजी ने आराम से बैठ के चाय पी. नहीं तो हर इतवार सात बजे से गेट पे खड़े रहते हैं."

मी आठच्या आधी कधीच पोचत नाही. पुष्कळदा साडेआठ होतात.

"सात वाजल्यापासून, बाबा?" मी विचारलं.

"तुझी आधीची गाडी वळणावर आली की आवाजानं समजायचं. ही नवी कधी येते, पत्ताच लागत नाही. एकदा तू एकदम येऊन दंड धरलास. मी दचकलो, चहा सांडला, आणि तू मला धरून धरून गाडीत बसवलंस. सगळी गल्ली बघत होती. त्यापेक्षा आधीपासून उभं राहिलेलं बरं."

"पण मी निघताना फोन करते ना!"

"तुझं 'निघाले' म्हणजे अजून अंघोळ बाकी."

"मग आज कसं ओळखलंत? ही तर माझी गाडी नाही."

"इतका वाईट गिअर उज्जैनमध्ये दुसरं कोण टाकतं? मीच तर शिकवलाय."

मला हसू फुटलं. तेही हसले. "पण दीड वर्षात एकदा सांगायचं तरी!"

"अगं, इतक्या हौसेनं घेतलीस. आवाज नाही, आवाज नाही म्हणून नाचत होतीस. त्यात मी कशाला फालतू खोडा घालू?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या दिवशी मी तीन जिलब्या जास्त खाल्ल्या आणि कुणाशीच गाडीविषयी बोलले नाही.

पुढच्या रविवारपर्यंत माझी गाडी दुरुस्त होऊन आली. आता प्रश्न हॉर्नचा होता. हॉर्न वाजवून माणसाला घराबाहेर बोलावणं हा आमच्याकडे उद्धटपणा समजतात. कॉलेजात असताना मी एका मैत्रिणीला तसं बोलावलं, तर बाबांनी मला तिच्या आईची माफी मागायला लावली होती. तरी मी वळणावर थांबले आणि हॉर्न दाबला, चांगला लांबलचक. ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं. मग मी गाडी फाटकाशी नेली.

दार काही उघडेना. दोन मिनिटं झाली, पाच झाली. धावत आत जावं असं दहादा वाटलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिले.

शेवटी बाबा आले. पायऱ्या, कुलूप, फाटक, सगळं आपल्या चालीनं. आत बसून त्यांनी दार ओढून घेतलं.

"हॉर्न तूच वाजवलास?"

"हो."

"हं. चहा अर्धा राहिला होता, तो संपवून आलो. फार थांबावं लागलं का?"

"छे, आत्ताच तर आले," मी म्हणाले.