दुसऱ्याच्या लॅपटॉपवर

आमची ताई नर्स होती. रुग्णांना उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा चाळिशीत नोकरी सोडून ती सॉफ्टवेअरच्या पदव्युत्तर कोर्सला बसली. शेवटचा प्रकल्प जोडीनं करायचा होता. जोडीदार तिच्याहून बराच लहान. पहिल्याच दिवशी त्यानं "ताई" म्हणून हाक मारली आणि ही विरघळली.

हिचा लॅपटॉप रडतखडत चाले, म्हणून ही त्याच्या लॅपटॉपवर कोड लिहायची. हा शेजारी बसून बिस्किटं खायचा. लॉगिन त्याचं, त्यामुळे हिची ओळ न् ओळ त्याच्या नावावर चढत गेली. वॉर्डात औषध देईल तिचीच सही. इथं सही मशीनच करतं, तेही लॉगिन बघून, हे आमच्या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "सगळं काम ह्यांच्या नावावर दिसतंय. तुम्ही काय केलंत?"

ताई त्याच्याकडे वळली. "सांग ना रे, कोणी लिहिलं ते."

तो गोड हसला. "सर, ताईंनी मला फार धीर दिला."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच!

त्या पठ्ठ्याला नोकरी लागली. ताई परत वॉर्डात गेली. मी अजूनही तिला ताईच म्हणते, आणि दर वेळी ती दचकते.