यकृतातलं लोह

आमच्या मीराला थॅलेसेमिया आहे. महिन्याच्या महिन्याला रक्त चढवावं लागतं. अडीनडीला तिच्या बाबांनी स्वतःचंही दिलंय. काल एमआरआय करून तिच्या यकृतातलं लोह मोजलं. पडद्यावर यकृत काळंकुट्ट दिसत होतं.

"लोह फार साठलंय," डॉक्टर म्हणाले. "चढवलेल्या रक्तातूनच येतं ते."

तिचे बाबा त्या काळ्या आकाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यातलं माझं किती असेल हो?"

"ते नाही सांगता येत. लोह बाहेर काढायचं औषध वाढवू. रक्त मात्र थांबवता येणार नाही."

जे दिल्याशिवाय लेकरू जगत नाही, तेच त्याच्या आत साचून त्याला पोखरतं. आईबापांनी मग द्यावं तरी काय?

बाहेर पडताना मीराने नेहमीसारखा बाबांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि खिशात घातला.